सापडलेल्या बाईची प्रेसनोट

मंगळवार. दिवाळी होऊन आठवडा झालेला. वेळ सकाळी साडेनऊ, हजेरीची. ठाण्यात हजर: मी, ठाणे अंमलदार, रायटर, महिला हवालदार आणि दोन शिपाई. बाजार बंदोबस्ताला तीन, समन्स घेऊन कोर्टात एक, साप्ताहिक सुट्टीवर एक. बाहेरच्या बाकावर मेहकर तालुक्यातून पहिल्या एसटीने आलेली, पंचावन्नच्या आसपासची एक बाई. सोबत कोणी नाही.

एवढे मी डायरी न उघडता सांगू शकतो. नोकरीतली पुष्कळ प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंच कोणत्या गुन्ह्यातला हेही कधीकधी आठवत नाही. ही हजेरी मात्र पुसली जात नाही.

आधी एक खुलासा करतो. या लेखात कोणाचेही नाव नाही. माझे ठाणे सातपुड्याच्या पायथ्याशी होते, इतके पुरे. सापडलेल्या बाईचे गाव, तिचे काम आणि जिच्यावरून ती सापडली ती खूण, या तिन्ही गोष्टी मी मुद्दाम बदलल्या आहेत. मलकापूर लिहिले आहे म्हणजे ते मलकापूरच असेल, असे धरू नये. असे का केले ते पुढे कळेल.

बाकावरच्या बाईंना मी आत बोलावले. चहा सांगितला.

"चहा नको साहेब. माही तक्रार लिवा."

"काय झालं मावशी?"

"माह्या लेकीला मारून टाकलं. अन् वरतून हरवली म्हणून तुमच्याकडंच लिवून दिलं."

रायटरने माझ्याकडे पाहिले. मिसिंगची ती नोंद आमच्याच रजिस्टरला होती, अकरा दिवसांपूर्वीची. खबर देणारा नवरा. विवाहिता, वय सव्वीस, मूलबाळ नाही, 'घरातून कोणास काही न सांगता निघून गेली'. गाव सोनाळ्याला बाजारासाठी जाणाऱ्या पट्ट्यातले. घरची बागायती, वांगी-टोमॅटो-मिरची पिकवायची आणि आठवडी बाजारात विकायची. नोंद घेतली होती, फोटो सगळ्या ठाण्यांना पाठवला होता आणि खरे सांगायचे तर मी ते प्रकरण बाजूला ठेवले होते. अशा बहुतेक बायका माहेरी किंवा बहिणीकडे सापडतात.

मी मावशींना तेच विचारले. त्या उसळल्या.

"माहेरी आली असती तर मी पाच तास गाडीत बसून इथं कायला आली असती? दर आठ दिवसाला फोन करायची. शेजारणीच्या फोनवरून का होईना, करायची. दिवाळीत फोन नाही. माही पोर जिती असती तर दिवाळीत फोन केला असता."

तक्रार घेतली. आता प्रश्न एकच होता आणि तो साधा होता: बाई जिवंत आहे की नाही?

दुपारपर्यंत ही तक्रार गावात पोहोचली. संध्याकाळी नवऱ्याचा लग्नातला फोटो मोबाईलच्या ग्रुपांवर फिरू लागला. खाली लिहिलेले: बायकोचा खुनी, ओळखून ठेवा. मजकूर कोणी टाकला ते कधीच निष्पन्न झाले नाही. ज्याला विचारावे तो म्हणे, मला दुसऱ्याकडून आला, मी फक्त पुढे ढकलला.

नवऱ्याला मी चौकशीला बोलावले. तीन दिवस रोज सकाळी तो यायचा, बाकावर बसायचा, दुपारी जायचा. सडपातळ, तिशीचा, हाताला मिरचीच्या रोपांचा वास. आरडाओरडा करून माणूस बोलत नाही, असा माझा अनुभव आहे. साधे प्रश्न विचारावेत, खूप विचारावेत, आणि उत्तरे त्याच्यासमोर लिहावीत.

"जाताना अंगावर साडी कोणती होती?"

"ध्यानात नाही साहेब."

"चपलेचा नंबर?"

"मले नाही माहीत."

"तिला कोणती भाजी आवडते?"

तो विचार करत राहिला. "सगळ्याच खाते."

"मोबाईलचं लॉक कसं उघडायचं?"

हे उत्तर ताबडतोब आले. त्याने बोटाने टेबलावर रेघ काढून दाखवली. "असं खाली, मंग आडवं. इंग्रजीतला एल. घरात सगळ्याइले माहीत हाय."

पाच वर्षांच्या संसारात त्याला बायकोचे इतकेच ठाऊक होते. मी ते लिहून घेतले, पण तेव्हा त्याचा अर्थ मला पूर्ण लागला नाही. खून केलेला माणूस असे उत्तर देत नाही, एवढेच मी ताडले. तरी शेतातल्या दोन्ही विहिरींत गळ टाकून पाहिले. मळ्यात नवीन उकरलेली जागा आहे का, ते पंचांसमक्ष पाहिले. काही मिळाले नाही. तिसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर रडला.

"साहेब, माह्या वांग्याले कोनी हात लाऊन नाही राह्यलं. बाया पाट्या वलांडून जातात. म्हनतात, याच्या हातचं घेऊ नका."

मला त्याची कीव आली. पुढे जे घडले त्यात या कीवेचा वाटा आहे, म्हणून तिची नोंद करतो.

खबर मिळाली ती बाजाराच्या दिवशी. साठीचे एक गृहस्थ सोबत नातीला घेऊन आले. चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला, बोटाला सुईचे घट्टे.

"मी टेलर हाय साहेब. बाया मले मास्तर म्हनतात. एक गोष्ट दाखवाची हाय. पन पह्यले सांगा, माह्या नावानं कागद तं नाही करान?"

"नाही करणार. दाखवा."

"दाखव वं," ते नातीला म्हणाले. "मले हे डबडं चालवता येत नाही."

मोबाईलवर ब्लाऊज कापण्याचा व्हिडिओ होता. निळे कापड, टेप, खडू आणि दोन हात. चेहरा नाही, नाव नाही, बोलणे नाही. माप सांगणारी अक्षरे खाली उमटत होती. चॅनलला टोपणनाव होते.

"हे पाहा. कापाच्या आधी कोपऱ्यात खडूनं तीन टिंब. कापडाची सुलटी बाजू ध्यानात राहावी म्हणून. बाकीचे टेलर फुली मारतात. तीन टिंब माह्या गुरूचे. त्याईनं मले शिकवले, म्या तिघीइले. एक वारली. एक सुरतले हाय. तिसरी हे, तुमी शोधून राह्यले ते. लग्नानंतर दोन वर्सं येत होती माह्याकडे, मंग सासरच्याइनं बंद केलं."

"ही सुरतची कशावरून नाही?"

मास्तरांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मला सुईत दोरा घालता येत नाही. "सुरतवाली डावखुरी हाय साहेब. इथं कातर कोन्या हातात हाय?"

कातर उजव्या हातात होती. व्हिडिओ चार दिवसांपूर्वीचा होता. म्हणजे चार दिवसांपूर्वी हे हात काम करत होते.

सायबर सेलकडे पत्र पाठवले. तिकडून माहिती यायला वेळ लागतो, म्हणून आम्ही तोवर चॅनलवरचे सगळे व्हिडिओ एकामागून एक पाहिले. आमच्या महिला हवालदार शेजारी उभ्या होत्या. पाचव्या व्हिडिओला त्या म्हणाल्या, "साहेब, आवाज वाढवा जरा."

दूरवर भोंगा वाजत होता.

"हा मलकापूरच्या कापूस जिनिंगचा भोंगा. आता बघा, गाडी येईल."

गाडी आली. रेल्वेचा लांबलचक धडधडाट, खिडकीची काच थरथरण्याइतका.

"इतक्या खात्रीनं सांगता?"

"अडीच वर्षं राहिलेय तिथं क्वार्टरमध्ये. लेकराला झोपवलं की भोंगा, परत झोपवलं की गाडी. विसरेन कशी?"

मलकापूरला मी आणि हवालदारबाई साध्या कपड्यांत गेलो. घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बाईचा पत्ता नगरपालिकेत नसतो. तो शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे असतो. मशीन बिघडली की त्याला घरी बोलवावेच लागते. तिसऱ्या कारागिराने सांगितले, "हाव, हाय ना. एकटी राह्यते. टाका सुटून राह्यला होता, मागच्या हप्त्यात शटल बसवून देलं." आणि बोटाने गल्ली दाखवली.

दार उघडे होते. ती मशीनवर बसली होती. आम्हाला पाहून तिने पायपट्टीवरचा पाय काढला. चाक थोडे फिरून थांबले.

"सासरच्याइनं पाठवलं?"

"नाही," हवालदारबाई म्हणाल्या. "तुमच्या आईनं. त्यांना वाटतंय तुम्ही जिवंत नाही."

ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मग उठून आम्हाला पाणी दिले. जबाब तिथेच, हवालदारबाईंच्या समक्ष घेतला. तो कागदावर सव्वा पान झाला. कागदाबाहेर ती बरेच बोलली.

"आमच्या घरी बायाइचा मोबाईल चार्जिंगले बैठकीतच लावा लागते साहेब. सासरा पाह्यते, दीर पाह्यते, पानी प्याले आलेला मानूसबी उचलून पाह्यते. कोनाचा फोन आला, काऊन आला. म्या शिवन्याचे व्हिडिओ पाह्यत होती. तं दीर म्हने, आज शिवन पाह्यते, उद्या काय पाहीन?"

"नवरा मारायचा?"

"मारलं एकदाच. मोबाईल दोन फोडले. पन पाह्यत सगळे रोज."

"आणि आता? चॅनलवर तर सगळं जग पाहतंय तुम्हाला."

तिने आपले दोन्ही हात पुढे केले. "जग हे पाह्यते साहेब. मले कोन पाह्यते? लय दूरच्या बाया लिवतात, ताई, बाही कशी बसवली? ताई, गळा सांगा. कोनीच इचारत नाही, तू कोनाची."

मग तिने विचारले, आम्ही कसे पोहोचलो. मी सांगितले. मास्तर आणि तीन टिंबे ऐकून ती पहिल्यांदा हसली. "मास्तरनं हातावरून ओळखलं? खरंच?" तिला भीती वाटली नाही, आनंद झाला. गुरूने आपली कारागिरी ओळखली याचा आनंद. तो पाहून मलाही बरे वाटले. ती हवालदारबाईंच्या खांद्याकडे बघून म्हणाली, "ताई, रागावू नका. हे बाही कोनी शिवली? ओढून राह्यली ना." हवालदारबाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्या बहिणीनं. बोलायची सोय नाही." तिघेही हसलो.

ती सज्ञान होती. स्वखुशीने गेली होती. कायद्याने तिला परत नेण्याचा अधिकार कोणालाच नव्हता आणि तिचा ठावठिकाणा नातेवाइकांना सांगण्याचे बंधन माझ्यावर नव्हते. मी तिच्यासमोर डायरीत लिहिले. जाहीर करायचे नाही ते: नाव, फोटो, सध्याचे शहर, पत्ता, फोन. डायरी तिच्याकडे फिरवली. तिने प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून वाचले.

"अन् आईले?"

"जिवंत आहे, खुशाल आहे, एवढंच सांगतो."

"पत्ता नका देऊ तिले. तिच्या पोटात काही राहात नाही. थोडी थाऱ्याले लागली का मीच करन फोन."

मावशींना मी त्याच दिवशी कळवले. त्यांनी तेच दोनदा माझ्याकडून वदवून घेतले. मग त्या म्हणाल्या, "आवाज ऐकवा तिचा." मी म्हटले, ती स्वतः फोन करणार आहे.

प्रकरण इथे संपायला हवे होते. मिसिंग निकाली काढून फाइल बंद करायची, इतकेच काम उरले होते.

पण गाव ऐकेना. बाई जिवंत आहे, स्वखुशीने गेली आहे, असे मी बीट अंमलदाराकरवी चावडीवर कळवले. लोक म्हणाले, मग दाखवा. दाखवत नाहीत म्हणजे पोलिसांनी प्रकरण दाबले. नवऱ्याच्या फोटोसोबत आता माझाही उल्लेख ग्रुपांवर येऊ लागला. वांग्यांच्या पाट्या तशाच परत जात होत्या. एका निरपराध माणसावर खुनाचा डाग होता आणि तो पुसणे माझे काम होते. म्हणून मी प्रेसनोट काढायचे ठरवले.

नोट मी स्वतः तयार केली. पाच मुद्दे. पहिल्यात मिसिंगची नोंद, दुसऱ्यात तक्रार, तिसऱ्यात पतीविरुद्ध काही आढळले नाही हे, पाचव्यात अफवा पसरवू नयेत असे आवाहन. चौथा मुद्दा असा होता: 'सदर महिला शिवणकामाचे व्हिडिओ प्रसारित करीत असून, कापडावर खडूने तीन टिंबे काढण्याच्या तिच्या विशिष्ट सवयीवरून, तसेच पार्श्वभूमीस ऐकू येणाऱ्या जिनिंगच्या भोंग्यावरून पोलिसांनी कौशल्याने तिचा शोध लावला.'

लोकांनी विश्वास ठेवायचा तर पुरावा हवा. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये शोध कसा लावला हे लिहायची पद्धतच आहे. चोर कोणत्या चपलेच्या ठशावरून सापडला, गाडी कोणत्या टोलनाक्यावर दिसली, हे आम्ही वर्षानुवर्षे लिहीत आलो. त्यात ठाण्याची पत राहते. 'कौशल्याने' हा शब्द रायटरचा नव्हता, माझा होता.

पाठवण्याआधी मी डायरी काढून यादी ताडून पाहिली. नाव नाही. फोटो नाही. शहर नाही. पत्ता नाही. फोन नाही. पाचही ठिकाणी बरोबरची खूण केली. रायटर म्हणाला, "एकदम भारी झाली साहेब." नोट गेली.

दुसऱ्या दिवशी ती पेपरात आली आणि ग्रुपांवर त्याहून आधी. मथळ्यात तीन टिंबे होती. वरिष्ठांचा फोन आला, चांगला तपास. नवऱ्याचा फोटो हळूहळू फिरायचा थांबला. माफी कोणी मागितली नाही, पण पुढच्या बाजारात त्याची वांगी खपली. नोटने जे करायला हवे होते ते सगळे केले.

चौथ्या दिवशी दिराने चॅनल शोधून काढले. त्याला सायबर सेल लागली नाही. शिवणकामाचे व्हिडिओ आणि तीन टिंबे, इतके त्याच्या हातात मी दिले होते. गावातली पोरे, सोयरे, बाजारातली माणसे, सगळे व्हिडिओ पाहू लागले. खाली आधी गळ्याचे नमुने विचारले जात. आता तिथे तिचे नाव आले, लग्नातला फोटो आला, सासरचे गाव आले. कोणी लिहिले, घर सोडून पळालेली. कोणी लिहिले, आमच्या गावची लाज. त्या गर्दीत एक लांबची बाई लिहीत राहिली, ताई, ह्यांच्याकडे लक्ष देऊ नका, बाहीचं माप सांगा.

भोंगा आणि त्यामागून रेल्वे. आमच्या जिल्ह्यात कापूस घेऊन जाणाऱ्या कोणालाही ही जागा ओळखायला अवघड नाही. शहर कळले की शिवणाऱ्या बाईची गल्ली विचारत जाता येते, जसे आम्ही गेलो.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास हवालदारबाई मोबाईल घेऊन धावत माझ्या खोलीत आल्या. मोबाईलवर थेट चित्रण चालू होते. तीच गल्ली, तेच दार, पण बंद. दारासमोर आठ-नऊ पुरुष. दीर स्वतः मोबाईल धरून होता. आतून एका हाताने खिडकी ओढून घेतली. कोणीतरी ती बाहेरून पुन्हा उघडली आणि पडदा बाजूला केला.

"तोंड दाखव ना वं लोकाइले," दिराचा आवाज. "हात तं लय दाखवते."

आणि तिचा चेहरा दिसला. तिने तो दोन्ही हातांनी झाकला.

मी लगेच तिथल्या पोलिसांना फोन केला. ते पंधरा मिनिटांत पोहोचले, जमाव पांगवला, चौघांना ताब्यात घेतले. पंधरा मिनिटे पुरेशी होती. तोवर अर्ध्या जिल्ह्याने ते पाहिले होते. गुन्हा नोंद झाला, प्रतिबंधक कारवाई झाली. व्हिडिओ काढून टाकण्यासाठी मी पत्रे लिहिली. एका ठिकाणाहून तो निघाला, दुसरीकडे वर आला. एक बंद केला की तीन उघडत.

तिसऱ्या दिवशी हवालदारबाई मलकापूरला गेल्या. खोली रिकामी होती. घरमालकीण ओट्यावर बसून होती.

"म्या नाही काढलं बाई तिले. देवाशपथ. पन गल्लीतल्या बाया येऊन पाह्यत, हेच का ते म्हणून. कपडे शिवाले कोनी नाही, पाहाले सगळे. काल सकाळी गेली. कोठी, ते नाही सांगतलं. मशीन इथंच हाय. कातर नेली."

चॅनल बंद झाले होते. फोन बंद होता. मास्तरांना विचारले, त्यांना काही माहीत नव्हते. त्यांनी मलाच विचारले, "साहेब, टिंबाचं पेपरात कायले देलं? मी तं तुमच्या कानात सांगतलं होतं."

मी त्यांच्या नावाने कागद केला नाही, हे खरे. त्यांच्या गुरूची खूण मात्र जिल्हाभर छापली.

निवृत्तीनंतर शाळा-कॉलेजांत मला सायबर जागृतीवर बोलायला बोलावतात. मुले विचारतात, इंटरनेट चांगले की वाईट? त्याने माणूस मोकळा होतो की उघडा पडतो? मी त्यांना या बाईची हकीगत सांगतो, खुणा बदलून. तिला मोकळीक तिथेच मिळाली. घरात तिचा मोबाईल बैठकीत लटकत असे. तिचे खाजगीपण इंटरनेटने हिरावले नव्हते, ते घरात आधीच नव्हते. उलट जगासमोर येऊन ती लपू शकली होती. तिने स्वतः ठरवले होते, एवढे दाखवायचे आणि एवढे नाही. मनगटापर्यंत जगाचे, पुढचे तिचे. ही रेघ ओढणे म्हणजेच स्वातंत्र्य, असे आता मला वाटते. ती रेघ एखाद्या चोराने ओलांडली नाही. माझ्या चौथ्या मुद्द्याने पुसली.

नोकरीभर मी यादी करून काम केले. यादीने माणूस चुकत नाही, असे नवीन शिपायांना शिकवले. त्या दिवशी माझी यादी पूर्ण होती. नाव, फोटो, पत्ता यांनाच मी ओळख समजत होतो. माणूस त्याच्या खडू धरण्यातही असतो, हे शोध घेताना मला माहीत होते आणि जाहीर करताना मी विसरलो. एकाच आठवड्यात, एकाच टेबलावर.

माझ्याकडे येणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना मी आता एकच सांगतो. काय सापडले ते लिहा. कसे सापडले ते फाइलमध्ये ठेवा, कोर्टाला दाखवा. पेपराला देऊ नका. ते माना हलवतात. मग त्यांच्या नोटा वाचतो, तर 'कौशल्याने' हा शब्द असतोच.

मावशींना तिचा फोन आलेला नाही. त्या दोनदा माझ्या घरी येऊन गेल्या. पहिल्यांदा रागाने आल्या होत्या, मी ते ऐकून घेतले. दुसऱ्यांदा राग नव्हता. माझ्या पत्नीने केलेला चहा त्यांनी घेतला.

"साहेब, तुम्ही एकदा काढली होती शोधून. आता अजून एकदा काढा. पत्ता नका सांगू मला, माह्या पोटात राहत नाही. गाव नका सांगू. नुसतं जिती हाय एवढं म्हणा."

मी पाहतो म्हणालो. त्यानंतर काही दिवस मी दुपारी मोबाईल घेऊन बसलो. शिवणकामाचे व्हिडिओ अगणित आहेत. असंख्य हात, कापडे, खडू. तीन टिंबे आता ती काढणार नाही, हे उघड होते. मी बोटांची ठेवण पाहत होतो, कातर फिरवायची पद्धत पाहत होतो, मागचे आवाज ऐकत होतो. एका व्हिडिओपाशी मी थांबलो. तो पुन्हा लावला. मग मोबाईल पालथा ठेवला.

मला ओळखता आले, तर दिरालाही येईल. आणि मला ओळखता येत नसेल, तर ती नीट लपली आहे. तिच्याविषयीची याहून चांगली खबर असू शकत नाही. पण ही खबर एका आईला कशी सांगावी? तुमची मुलगी मला सापडत नाही, म्हणून ती बरी असावी, असे? आणि 'जिवंत आहे' म्हणावे, तर ते मी कशावरून म्हणतो, हे त्या विचारतील. त्या विचारणारच.

तो व्हिडिओ मी पुन्हा उघडलेला नाही. मावशींचा परवा शेजारणीच्या फोनवरून निरोप आला आहे. त्यांना उलटा फोन करायचा आहे. काय सांगायचे, ते अजून ठरलेले नाही.